कॅनडात घेतलेली रायफल कराडच्या घरी : एका प्रकरणाची साद्यंत हकिगत

पक्षकार मूळचे कराडचे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात दहा-बारा वर्षं नोकरी, तिथे कायम राहण्याचा दर्जा, पण पासपोर्ट भारताचाच. २०१८ मध्ये त्यांनी कॅल्गरीतल्या दुकानातून एक बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची) रायफल घेतली, बोअर (नळीचं आणि तिच्यात बसणाऱ्या काडतुसाचं माप) .३०-०६ स्प्रिंगफील्ड. पुढे दर वर्षी हरणांच्या मोसमात रीतसर परवाना काढून ते तिथे शिकारीला जात. २०२१ मध्ये आई-वडिलांसाठी कायमचं परतायचं ठरलं. घरसामानाची यादी करताना रायफल सोडवेना, म्हणून त्यांनी मला फोन केला.

मी साताऱ्यात वकिली करतो आणि शस्त्र परवान्यांची कामं बरीच वर्षं बघतो. असे फोन येतात, पण बहुतेक वेळा फार उशिरा. सामान जहाजावर चढलेलं असतं, नाहीतर माणूस विमानतळावर अडकलेला असतो. या गृहस्थांनी निघायच्या दीड-एक वर्ष आधी विचारलं, म्हणून हे प्रकरण तडीस गेलं. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे मांडतो आहे.

पहिल्याच बोलण्यात त्यांनी एक सांगितलं. तिथल्या एका पॅकर्सच्या एजंटाने सल्ला दिला होता की बोल्ट काढा, नळी वेगळी करा, स्टॉक म्हणजे दस्ता वेगळा करा आणि कंटेनरमध्ये तीन खोक्यांत टाका, कुणी बघत नाही. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, "दादा, असलं काही करणार असाल तर पुढे माझ्याशी बोलू नका." शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. नुसती नळी आली तरी ते शस्त्रच. आणि आयातीच्या परवानगीचं कलम १० मोडून शस्त्र देशात आणणं हा कैद आणि दंडाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. ज्या माणसाने आयुष्यात सिग्नल तोडला नाही, त्याला असला सल्ला देणाऱ्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. सल्ला देणारा तिकडेच राहतो, आणि इकडे सोसावं लागतं ते घरच्यांना.

दार आहे, पण अरुंद

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. बाजारात जी जुनी विलायती हत्यारं हातोहात फिरतात ती त्याआधी आलेली, म्हणूनच त्यांच्या किमती अशा चढलेल्या असतात. या बंदीत मोजक्या फटी आहेत. एक, ख्यातनाम नेमबाजांसाठी. दुसरी, परदेशातलं बिऱ्हाड हलवून कायमचं परत येणाऱ्यांसाठी.

या दुसऱ्या सवलतीच्या अटी कस्टम्सने स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. हत्यार एकच. बोअर प्रतिबंधित, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारी, नको. ते परदेशात किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात आणि वापरात असलं पाहिजे. भारतातल्या स्थानिक प्राधिकाऱ्याचा वैध परवाना हातात पाहिजे. जे शुल्क लागू असेल ते भरायचं, कारण त्या वेळच्या बॅगेज नियम, २०१६ च्या परिशिष्टात बंदुका शुल्कमाफीतून वगळल्या होत्या. आणि शेवटची अट, जी लोक घाईत वाचतच नाहीत : असं आणलेलं हत्यार त्या माणसाच्या हयातीत विकता येत नाही, उसनं देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही, मोबदला घेऊनही नाही आणि फुकटही नाही.

बिऱ्हाड हलवण्याच्या सवलतीसाठी परदेशात सलग दोन वर्षं वास्तव्य लागायचं, आणि त्या दोन वर्षांत भारतातल्या छोट्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांवर जायला नको. हे वाचायला सोपं वाटतं. पण परवान्याच्या अर्जासाठी, पोलीस जबाबासाठी, गृह शाखेतल्या भेटीसाठी माणसाला भारतात यावं लागतं आणि ते सगळे दिवस याच बेरजेत धरले जातात. आम्ही त्यांच्या पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून प्रत्येक फेरीचा हिशेब आधी मांडला आणि मगच तिकिटं काढली.

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घेणं मला गरजेचं वाटलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडे आता हौसेची शिकार उरलेली नाही. पिकात घुसणाऱ्या रानडुकराचा प्रश्नसुद्धा कलम ११ खाली लेखी परवानगीचा आहे, आपल्या बंदुकीच्या जोरावर सोडवायचा नाही. तिकडे जी रायफल हरणामागे डोंगर चढली, ती इकडे फक्त रेंजवर चालेल. हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "चालेल वकीलसाहेब. माझ्याबरोबर राहिली तरी पुरे."

सगळं बोअरवर

मी फोनवर विचारलेला दुसरा प्रश्न बोअरचा होता, आणि .३०-०६ ऐकल्यावर जीव भांड्यात पडला. कारण सांगतो.

शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मि.मी. बोअरच्या बोल्ट-ॲक्शन आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफली प्रतिबंधित गटात आहेत. पण नियम तेवढ्यावर थांबत नाही. "किंवा अशी कोणतीही बोअर, जिच्यात .३०३ किंवा ७.६२ चं लष्करी काडतूस बसतं आणि उडतं" अशा आशयाची पुढची ओळ आहे, आणि खरा निकाल ती ओळ लावते. उत्तर अमेरिकेत हरणासाठी सर्वांत जास्त खपणाऱ्या बोअरपैकी एक म्हणजे .३०८ विंचेस्टर. तिचं काडतूस आणि लष्कराचं ७.६२ × ५१ हे बाहेरून जवळजवळ एकाच मापाचे. म्हणजे .३०८ ची रायफल कितीही देखणी, कितीही शिकारी घडणीची असली तरी इकडे ती प्रतिबंधित बोअरमध्ये जाते आणि या सवलतीतून बाद होते. आमच्या पक्षकारांनी दुकानात दोन्ही हाताळल्या होत्या. शेजाऱ्याकडे .३०-०६ होती, काडतुसं वाटून घेता येतील म्हणून तीच घेतली. एवढ्याशा कारणावर पुढचं सगळं उभं राहिलं.

.३०-०६ चं दुसरं महत्त्व काडतुसांचं. तिकडे .२७० विंचेस्टर किंवा सात मि.मी. रेमिंग्टन मॅग्नम घेऊन लोक खूश असतात. समजा असली बोअर प्रतिबंधित नाही म्हणून आली, तरी इथे तिची काडतुसं आणायची कुठून? आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांची स्पोर्टिंग रायफल .३१५ आणि .३०-०६ या बोअरमध्ये मिळते आणि त्यांची काडतुसं देशात होतात. काडतूस नसलेली रायफल म्हणजे नुसतं शोभेचं लोखंड. म्हणून परदेशात राहणारा आणि कधीतरी परतायचा विचार करणारा कुणी विचारतो, तेव्हा मी सांगतो की कंपनी, लाकूड, दुर्बीण यांचा विचार नंतर करा, नळीवर कोरलेली बोअर आधी वाचा.

परवाना आधी, रायफल मागून

क्रम उलटा झाला की प्रकरण बिघडतं. बहुतेकांची समजूत अशी की हत्यार आधी आणू, कस्टम्समध्ये ठेवू आणि मग सावकाश परवाना काढू. हातात परवाना नसताना विमानतळावर हत्यार म्हणजे आयातच बेकायदा. म्हणून आम्ही सुरुवात साताऱ्याहून केली.

सातारा जिल्ह्याला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी आणि फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. अर्ज नमुना अ-१ मध्ये. पक्षकारांनी स्वतः भरलेला कच्चा अर्ज मला पाठवला तेव्हा कारणाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं : "शिकार व शेती संरक्षण." दोन्ही शब्द खरे होते, पण दोन्ही घातक.

शिकारीबद्दल वर लिहिलंच आहे. शेती संरक्षणाची गंमत बारकाईने बघण्यासारखी आहे. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये, संरक्षण किंवा खेळासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची स्मूथ-बोअर (आतून गुळगुळीत नळीची) बंदूक आणि पीक संरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक, यांचा विचार सोप्या गटात केला आहे. ठासणीची पुरत नसेल तर दुसरी स्मूथ-बोअर देता येते. म्हणजे शेती संरक्षण असं कारण लिहिलं की कायदा तुम्हाला आपोआप ठासणीकडे किंवा बारा बोअरकडे नेतो. रायफलीकडे नेत नाही. रायफलीसाठी त्याच कलमातलं पुढचं खंड लागतं, तिथे प्राधिकाऱ्याची खात्री पटावी असं "योग्य कारण" अर्जदाराने दाखवावं लागतं. त्यांची पाटण तालुक्यात वडिलोपार्जित शेती आहे, डुकरांचा त्रास खरा आहे, सातबारा तयार होता. तरी तो सातबारा आम्ही मुख्य आधार केला नाही. मुख्य आधार केला तो नेमबाजीचा : तिकडच्या रेंजचं सदस्यत्व, इकडच्या रायफल क्लबकडे केलेला सदस्यत्वाचा अर्ज, आणि परदेशात इतकी वर्षं हे हत्यार कायदेशीर ताब्यात असून एकही गुन्हा, एकही तक्रार नाही ही वस्तुस्थिती.

मग पत्त्याचा प्रश्न. पाटणचं गावातलं घर की कराडचं? गावचं घर कोयना अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत येतं. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही, आणि मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. गावचा पत्ता दिला असता तर फाईल सातारा ते नागपूर ते सातारा अशी फिरली असती. पण केवळ फेरा टाळायला खोटा पत्ता द्यायचा हे मी कधीच सुचवत नाही. इथे तशी गरज नव्हती. ते खरोखर कराडला आई-वडिलांजवळ राहणार होते, वीजबिल आणि आधार तिथलंच होतं. रायफल गावच्या घरी ठेवणार नाही असं मी अर्जाबरोबर त्यांच्याकडून लिहून घेतलं. हे कुणी मागितलं नव्हतं, पण पुढे वनखात्याने विचारलं तर उत्तर फाईलमध्ये आधीच असावं.

पोलीस पडताळणीत एक अडचण आली जी परदेशी राहिलेल्या प्रत्येकाला येते. ठाण्याच्या हवालदारांनी सरळ विचारलं, "साहेब दहा वर्षं इथं नव्हते, मग वर्तणुकीचा दाखला मी कशावर देऊ?" प्रश्न बरोबर होता. त्यासाठी आम्ही कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसांचं, म्हणजे आरसीएमपीचं, बोटांच्या ठशांवर दिलेलं गुन्हेगारी नोंद नसल्याचं प्रमाणपत्र आणि त्यांचा तिथला शस्त्र परवाना दोन्ही लावले. तिथला परवाना मिळवायला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते, पार्श्वभूमीची तपासणी सतत चालू असते. हे मुद्दे साध्या मराठीत एका पानावर लिहून जोडले, कारण ठाण्यात इंग्रजी प्रमाणपत्राचं ओझं कुणी वाचत बसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या नियमांप्रमाणे लागणारं शस्त्र हाताळणी प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांनी एका फेरीत पुरं केलं.

अर्जात मी हट्टाने एक गोष्ट केली. सहसा परवाना आधी मिळतो आणि हत्याराचा तपशील नंतर चढतो. आम्ही पहिल्या दिवसापासून कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, बोअर आणि "परदेशातून निवास बदलताना स्वतःचं हत्यार आणण्यासाठी" हे शब्द अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि कलम १० खालच्या आयात परवानगीच्या विनंतीत जसेच्या तसे ठेवले. एका कागदावर कंपनीचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर आखूड, असंही होऊ दिलं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात परवाना हातात आला. नमुना ३, युनिक आयडेंटिफिकेशन नंबरसह, वैधता महाराष्ट्र राज्यापुरती.

ताब्याचा पुरावा

आता कॅनडाची बाजू. तिथून शस्त्र बाहेर नेताना परराष्ट्र खात्याची निर्यात परवानगी लागते आणि ती मागताना ज्या देशात शस्त्र जाणार त्या देशाची आयातीची मंजुरी दाखवावी लागते. आपली मंजुरी तयार होती, म्हणून हा भाग अडला नाही. परवाना आधी काढण्याचा फायदा इथे पहिल्यांदा दिसला.

अडलं ते दुसरीकडे. आपल्या कस्टम्सला एक वर्ष ताबा आणि वापर यांचा पुरावा पाहिजे. आपल्याकडे हे किती सोपं असतं! परवान्याच्या पुस्तकात हत्यार कधी चढलं याची तारीख, शिक्का आणि सही असते. कॅनडात साध्या शिकारी रायफलीची केंद्रीय नोंदवही २०१२ मध्येच बंद झाली. तिथला परवाना माणसाचा असतो, त्यावर कुठली रायफल आहे हे लिहिलेलं नसतं. सरकारकडून "ही रायफल अमुक तारखेपासून अमुक माणसाकडे आहे" असा दाखला मिळायची सोयच नाही.

पक्षकार निश्चिंत होते. "बिल आहे ना माझ्याकडे." बिल पाठवलं. तारीख २०१८ ची, रायफलीचं मॉडेल, रक्कम, कर, सगळं होतं. फक्त सिरियल नंबर नव्हता. त्या बिलावरून एवढंच सिद्ध होत होतं की त्यांनी त्या मॉडेलची कुठलीतरी एक रायफल घेतली. विमानतळावर येणारी तीच, हे सिद्ध होत नव्हतं.

त्यांना म्हटलं, घरातला प्रत्येक कागद काढा, ज्यावर हा नंबर असेल. दोन दिवस त्यांनी कपाटं उपसली. दुकानाने स्वतःच्या विक्री वहीतून नंबर काढून लेटरहेडवर पत्र दिलं, ते चांगलंच झालं. पण खरा मोती निघाला तो बंदूक दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराच्या पावतीत. २०१९ मध्ये त्यांनी दुर्बीण बसवून घेतली होती आणि ट्रिगरचं वजन कमी करून घेतलं होतं. त्या कारागिराने काम घेताना हाताने लिहिलेली कार्बन कॉपीची पावती, तिच्यावर मालकाचं नाव, तारीख, बोअर आणि संपूर्ण सिरियल नंबर. कोपऱ्याला तेलाचा डाग. मला ती पावती बघून जो आनंद झाला तो पक्षकारांना कळला नसावा, पण अशा कामात तेव्हाचा, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद हा आत्ता मागून घेतलेल्या पत्रापेक्षा कितीतरी वजनदार असतो. वापराचा पुरावा म्हणून प्रत्येक मोसमाचे अल्बर्टाचे शिकार परवाने आणि रेंजच्या सदस्यत्वाच्या पावत्या लावल्या. सगळ्यांच्या नोटराइझ्ड प्रती केल्या, मूळ कागद त्यांच्या हातातल्या पिशवीत.

प्रवासाबद्दल थोडक्यात. कुठल्याही तिसऱ्या देशात विमान बदलायचं नाही, हे आधीच ठरवलं. मधल्या विमानतळावर बॅग उतरली की तिथला कायदा लागू होतो आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. म्हणून कॅनडातूनच थेट दिल्ली. विमान कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर घेतलं. रायफल रिकामी, बोल्ट काढून त्याच पेटीत, कठीण पेटीला कुलपं, चेक-इन सामानात. काडतूस एकही नाही. बॅगेज नियमांत ५० काडतुसांचा उल्लेख वाचून लोकांना मोह होतो, पण एक काडतूस आणलं की तपासणीचा एक नवा धागा सुरू होतो. इथे मिळणारी वस्तू तिकडून आणायचं कारण नव्हतं.

दिल्लीत अडकलेली पेटी

दिल्लीत उतरल्यावर ते सरळ रेड चॅनलला (जाहीर करायचं सामान असलेल्यांच्या रांगेला) गेले आणि कस्टम्स अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे घोषणा केली. अधिकारी सौजन्याने वागले, हे पक्षकारांनी आवर्जून सांगितलं. पेटी उघडली, नंबर जुळवला, परवाना बघितला, आयात परवानगी बघितली. मग कॅनडाच्या निर्यात परवानगीवर बोट ठेवून विचारलं, "ये सेवन पॉइंट सिक्स टू है?"

झालं होतं असं. कॅनडाच्या अर्जात बोअरचं वर्णन करताना इंग्रजी नावासोबत मेट्रिक मापही घातलं गेलं होतं : .३०-०६ स्प्रिंगफील्ड, ७.६२ × ६३. माप अचूक होतं. पण आपल्या अनुसूचीत ७.६२ हा आकडा प्रतिबंधित गटात आहे आणि समोरच्या माणसाला तो आकडा दिसला. कलम १० मध्येच शंका असेल तर हत्यार अडकवून ठेवायचा अधिकार कस्टम्स आयुक्तांना दिलेला आहे. रायफल जमा झाली, पावती मिळाली. पक्षकारांचा फोन आला तेव्हा इथे पहाट होती आणि आवाज पार उतरला होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, "पावतीवर नंबर बरोबर लिहिलाय का ते बघा, आणि झोपा."

आमचं निवेदन दोन पानांचं होतं. पहिला मुद्दा नियमाच्या शब्दांचा. नियम गोळीच्या जाडीबद्दल बोलत नाही, लष्करी काडतूस त्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसायच्या जागेत) बसतं आणि उडतं का याबद्दल बोलतो. ७.६२ × ५१ आणि ७.६२ × ६३ यांत पहिला आकडा नळीचा, दुसरा काडतुसाच्या टरफलाच्या लांबीचा. दोन्हींची गोळी एकाच जाडीची असली तरी टरफलात १२ मि.मी.चा फरक आहे. ५१ चं काडतूस ६३ साठी कापलेल्या चेंबरमध्ये खांद्याला टेकतच नाही, हेडस्पेस (काडतूस घट्ट बसण्यासाठीचं बोल्टपासूनचं अंतर) जुळत नाही, ते त्या चेंबरचं काडतूस नाही. नळीवर कंपनीने कोरलेलं नाव .३०-०६ आहे आणि ते सर्व कागदांवर सारखं आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त भरवशाचा वाटत होता, कारण तो तांत्रिक नव्हता. आपल्याच सरकारी कारखान्याची .३०-०६ स्पोर्टिंग रायफल प्रतिबंधित नसलेल्या बोअरच्या परवान्यावर नागरिकांना विकली जाते. त्याच बोअरची परदेशी रायफल प्रतिबंधित कशी? कारखान्याचं उत्पादन-माहितीपत्रक आणि असल्या रायफलीची नोंद असलेल्या परवान्याची नाव झाकलेली प्रत आम्ही जोडली. बरोबर विनंती केली की शंका असेल तर शस्त्रतज्ज्ञाकडून चेंबर मोजून घ्या. अंदाजावर सोडा असं म्हणण्यापेक्षा मोजून घ्या असं म्हणणं केव्हाही बरं, समोरच्यालाही सही करायला आधार मिळतो.

तपासणी झाली आणि अभिप्राय अनुकूल आला. शुल्काची आकारणी झाली, ती भरली. मूल्य ठरवताना २०१८ चं बिल, वापराची वर्षं आणि सध्याची बाजारकिंमत यांवर थोडी चर्चा झाली, पण मी पक्षकारांना तिथे ताणू नका असं सांगितलं होतं. आयुष्यभर न विकण्याचं हमीपत्र लिहून दिलं.

रायफल हातात आल्यावर ते विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकू शकले, ते आणखी एका कागदामुळे. परवाना महाराष्ट्रापुरता, आणि रायफल उभी होती दिल्लीत. मधे राजस्थान आहे, गुजरात किंवा मध्य प्रदेश आहे. हे सुटण्याआधीच लक्षात घेऊन दिल्ली ते कराड या एका प्रवासासाठी हत्यार बाळगण्याची लेखी परवानगी आम्ही साताऱ्याहून मागून घेतली होती, तीत मार्ग आणि मुदत दोन्ही लिहिलेली. पाच मिनिटांत दाखवायचा कागद, पण नसता तर कस्टम्समधून कायदेशीर सुटलेलं हत्यार रस्त्यावर बेकायदा ठरलं असतं.

कराडला आल्यावर

आल्या आल्या रायफल कराड पोलीस ठाण्यात दाखवली आणि नंतर गृह शाखेत. परवान्यावर कंपनी, नंबर, बोअर चढली. शेऱ्यात कस्टम्सच्या पावतीचा क्रमांक आणि "हयातीत हस्तांतरणास मनाई" हे शब्द आम्ही आग्रहाने घालून घेतले. कारकुनाला ते अनावश्यक वाटत होतं. पण अधिकारी बदलतात, फाईल गहाळ होते, दहा वर्षांनी नूतनीकरणाला जाणाऱ्या माणसाच्या हातात फक्त परवान्याचं पुस्तक असतं. जे सांगायचं ते त्या पुस्तकातच असलं पाहिजे.

घरी भिंतीला बोल्ट केलेली लोखंडी पेटी आहे, रायफलीचा बोल्ट वेगळ्या कुलपात. महिन्यातून एकदा-दोनदा ते रेंजवर जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी इतर परवानाधारकांसारखी त्यांनीही रायफल ठाण्यात जमा केली. जमा करताना त्यांनी नळीला तेल लावून, तोंडाला कापडाची गुंडाळी बसवून दिली आणि पावतीवर बोअरच्या रकान्यात .३०-०६ हेच आणि एवढंच लिहिलं जाईल याकडे लक्ष ठेवलं. मेट्रिक माप आता आम्ही कुठेच लिहीत नाही.

एक प्रश्न अजून उघडा आहे. त्यांचा मुलगा कॅल्गरीतच शिकतो आहे, त्याचा जीव या रायफलीवर आहे. वडिलांच्या हयातीत ती त्याच्या नावावर होणार नाही, सुटीत आला म्हणून तो ती घेऊन एकटा रेंजवरही जाऊ शकत नाही. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून त्याला ती मिळू शकते, पण तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा भारतीय परवाना लागेल, आणि तो मिळेपर्यंत कलम २१ प्रमाणे रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागेल. मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं तर उत्तर बदलेल. वडिलांनी त्याला हे सगळं समजावून सांगितलं आहे. त्याचा निर्णय झाला की पुढचा अर्ज तयार करू, आणि तोवर दुकानाचं पत्र, कारागिराची ती पावती आणि कस्टम्सचं चलान यांच्या मूळ प्रती त्यांच्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत.